मँचेस्टरचा शेवटचा दिवस



परदेशाहून परतलेला मनुष्य तिथली स्वच्छता आणि शिस्त सांगतो. ती तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून आम्ही शेवटच्या दिवसापुरतेच बोलतो. विमान संध्याकाळचे होते. सोबतची मंडळी बाजारात गेली आणि आम्ही मँचेस्टर पायी पालथे घातले.

सकाळी अँकोट्स पाहिले. हे तिथले जुने गिरणगाव. कालव्याकाठच्या तांबड्या विटांच्या सूतगिरण्या आजही उभ्या आहेत. पण आमच्या भाषेत ज्याला त्रासनखाते म्हणतात, तिथे आता फ्लॅट झाले आहेत. भिंत राखली, माणूस मात्र गेला.

पुढे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची इमारत लागली. १८६८ च्या जूनमध्ये ३४ प्रतिनिधी इथे जमले आणि ब्रिटनची ट्रेड्स युनियन काँग्रेस उभी राहिली. अवघे ३४! आमच्या साध्या गेटसभेलाही याहून जास्त माणसे असतात.

दुपारी पीटर्लूच्या स्मारकापाशी आलो. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सुमारे ६० हजार लोक मताचा हक्क मागायला जमले होते. ओल्डहॅम, मिडलटन, रॉचडेलहून ते पायी आले होते, ठेवणीतले कपडे घालून, बायकामुलांसह. त्यांच्यावर तलवारी उपसून घोडेस्वार घातले गेले. १८ बळी गेले, त्यांत दोन वर्षांचे एक पोर होते. २०१९ मध्ये बांधलेल्या या पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर मेलेल्यांची नावे कोरली आहेत आणि लोक कुठून आले त्या गावांचीही. (चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मात्र वर चढता येत नाही. तिथल्या लोकांनी याबद्दल बरीच ओरड केली, आणि ती रास्तच होती.)

ती गावांची नावे वाचताना आम्हांला आमचे गिरणगाव आठवले. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यांची गावे कोणत्या दगडावर आहेत? १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा मोकळ्या मैदानांना आणि एक-तृतीयांश घरांना मिळायचा होता. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मनोरे आहेत, आणि म्हातारे कामगार घरासाठी अजून अर्जांचे कागद घेऊन फिरतात.

विमानात आम्ही वही काढली. वडिलांच्या खात्यातली आठवतील ती नावे गावासकट लिहीत गेलो. मुंबई येईपर्यंत ४६ झाली. तुमच्यापैकी कुणाचे वडील वा आजोबा गिरणीत असतील, तर सभा सुटल्यावर त्यांचे नाव, गाव आणि खाते आम्हांला सांगून जा. वही बरोबर आणली आहे.