ब्रेकेज लिहू नको

(पिंपरीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. चाकणला एका गोडाऊनच्या डॉकवर कंटेनर खाली करतो, उरलेल्या रात्री कविता लिहितो. गुन्ह्यांच्या आकड्यांवर हा काय बोलणार, म्हणून दोघंतिघं हसले. हसा. पण आकडा जन्माला कसा येतो, हे डॉकवरच्या माणसाला बरोबर कळतं. कंटेनर उघडला की फुटकी खोकी दिसतात. सुपरवायझर म्हणतो, ब्रेकेज लिहू नको, महिन्याचा रिपोर्ट खराब होतो. झालं! कागदावर सगळा माल धड.

शहराचे गुन्हे असेच मोजतात. दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो पुस्तक काढतो, त्यात घडलेलं नसतं, ठाण्यानं लिहून घेतलेलं असतं. नोंदी वाढणं आणि गुन्हे वाढणं एक नव्हे, हे ब्युरो स्वतःच सांगतो. एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी सगळ्यात जड कलमाखाली मोजणी एकच. आणि मागच्या वर्षांशी तुलना करायची तर कुणाशी? १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं. काही ठाणी पुणे शहराची तोडली, चाकणसारखी ग्रामीणची. २०१७चं पुणं आणि २०१९चं पुणं एकच नाही.

२ जानेवारी २०१८ला भीमा कोरेगावच्या हल्ल्याची फिर्याद पिंपरी ठाण्यात झाली, अ‍ॅट्रॉसिटीसकट. झिरो नंबरनं घेतली, शिक्रापूरला वर्ग केली. कायद्यानं ते बरोबरच. पण फिर्याद इथली, आकडा तिथला.

तुम्ही म्हणाल, आकड्यानं आपलं काय बिघडतं? बिघडतं. नोंद कमी झाली की म्हणतात, जात संपली. नोंद वाढली की म्हणतात, कायद्याचा धाक दाखवतात. आरोपी सुटले की केस खोटी. कराडच्या कॉलेजातून निघालेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ला सुप्रीम कोर्टानं हेच तक्ते पुढं ठेवून अ‍ॅट्रॉसिटीतल्या अटकेला लगाम घातला. त्यावर २ एप्रिलचा बंद झाला. ऑगस्टात संसदेनं कायदा दुरुस्त केला, २०१९ला कोर्टानं आपले आदेश मागं घेतले. ठाण्यात फिर्याद का घेतली नाही, याचा रकाना त्या तक्त्यांत नव्हता.

आता माझ्या टोळीतला पोरगा. मुकादमानं जातीवरनं शिवी देऊन सगळ्यांसमोर कानफटलं. ठाण्याच्या बाकड्यावर आम्ही तीन तास. (त्याच बाकड्यावर मागं माझा मारलेला मोबाईल 'गहाळ' झाला होता. चोरी नाही, गहाळ!) शेवटी हातात काय, तर अदखलपात्राची चिठ्ठी. किरकोळ वाद, शिवीगाळ. जातीचा शब्द गायब. ही चिठ्ठी दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यात कधीच धरली जाणार नाही.

साहेब म्हणाला, आधी चौकशी करू. अ‍ॅट्रॉसिटीत एफआयआरआधी चौकशी लागत नाही, कलम १८-अ. जाणूनबुजून नोंदवला नाही तर अधिकाऱ्यालाच सहा महिने ते वर्षभर शिक्षा, कलम ४. हे मी त्याला बोललो नाही. घाबरलो, खरं सांगतो. पोरगा माझ्याकडं बघत होता.

आता ठाण्यानं नाकारलं तर वरिष्ठाला टपालानं लेखी कळवता येतं, नव्या संहितेचं कलम १७३. अर्ज मी रात्री बसून लिहिलाय. शिवी जशीच्या तशी लिहिलीय, टिंबं दिली नाहीत. खाली पोराचा अंगठा नाही, सही आहे. सोमवारी टपालानं उपायुक्ताला जाईल. डॉकवरच्या ज्यांनी ती शिवी ऐकली, त्यांनी आज इथंच साक्षीदार म्हणून सही करावी. पेन माझ्याकडं आहे.