मुका स्पीकर

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला पाच मिनिटे दिली आहेत. शाळेत असताना मला पाच मिनिटे गप्प बसवणे सरांना जड जायचे. आज मात्र बोलायला उभा राहिलो तर घशाला कोरड पडली आहे. कारण शेवटी सांगतो.

टेबलावरचे हे दोन स्पीकर ओळखलेत का? आपल्या संगणक कक्षातले. मेळाव्याच्या तयारीसाठी तीन महिन्यांपूर्वी शाळेत आलो, तेव्हा हे भंगारात पडले होते. शिपाईमामा म्हणाले, "न्यायचे तर आजच न्या, उद्या भंगारवाला येतोय." पिशवीत घालून घरी नेले.

लावून पाहिले तर तीन दुखणी. सतत घूंऽऽ असा आवाज, व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खरखर, आणि डावा स्पीकर साफ मुका.

आधी घूं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवले आणि डायोडनी तिला एका दिशेला वळवले, तरी ती सेकंदाला १०० वेळा उसळत राहते. ती उसळी सपाट करतो मोठा कंडेन्सर. त्याच्या आतले ओलसर रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकते, मग उसळी थेट कानापर्यंत येते. आपल्या कंडेन्सरचे डोके फुगलेलेच होते. बुधवार पेठेतून नवा आणला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा. उणे बाजूची पट्टी पाहून बसवला, कारण उलटा बसला तर फुटतो. कोणी घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज उरते. रेझिस्टर लावून ती आधी उतरवा, मगच हात घाला.

खरखर सोपी होती. बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ आणि काजळी बसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवले, वाळू दिले. झाले.

राहिला मुका स्पीकर. त्याच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. 'टक्' असा आवाज आला. म्हणजे स्पीकर चांगला, दोष दुसरीकडे. ज्या सॉकेटात त्याची वायर जाते, तिथे भिंगातून पाहिले. सॉकेटच्या पायाभोवतीच्या सोल्डरला गोल चीर गेली होती. वायरीला जोरात हिसका बसला की अशी चीर पडते.

ती चीर पाहून मी हातातले काम खाली ठेवले. तो हिसका कोणी दिला हे मला ठाऊक होते.

दहावीचे वर्ष, शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. गाणी ऐकायची म्हणून मी मॉनिटरकडून कक्षाची किल्ली मागून घेतली होती. निघताना पाय वायरीत अडकला, सॉकेट कर्रकन वाकले. मी प्लग पुन्हा खोचला, किल्ली परत दिली आणि घरी गेलो. सोमवारी सरांनी विचारले. किल्ली मॉनिटरची, म्हणून जाब त्याला. तो एवढेच म्हणाला, "सर, मी नाही केलं." माझे नाव त्याने घेतले नाही. सरांनी किल्ली काढून घेतली. मी दुसऱ्या बाकावर वही उघडून बसलो होतो. त्यानंतर तो तासाखेरीज संगणक कक्षात आला नाही, आणि त्या कक्षाचे वेड आपल्या वर्गात सर्वांत जास्त त्यालाच होते.

सर, तो खरे बोलत होता. मोडले मी होते.

आपल्या ग्रुपवर मी रोज सकाळी शुभेच्छा टाकतो, पण २५ वर्षांत हे तेवढे टाकले नाही. जुने सोल्डर काढून नवे द्यायला मला दहा मिनिटे लागली. मी त्याच सोमवारी बोललो असतो, तर शाळेने इतकी वर्षे एका कानाने गाणी ऐकली नसती. त्या किल्लीचे मात्र मला काही दुरुस्त करता येत नाही. मित्रा, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. तुझी माफी मागतो, सर्वांसमोर, कारण बोलणीही तू सर्वांसमोर खाल्ली होतीस.

स्पीकर आज शाळेला परत देतो आहे. सोल्डरिंगची दोन यंत्रेही आणली आहेत. बाईंनी परवानगी दिली, तर दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना मी दोन दिवस शिकवायला येईन.

आता शाळेची प्रार्थना लावायची आहे. वायर अजून जोडलेली नाही. ती जोडायला मॉनिटरने पुढे यावे, अशी विनंती करतो.