दिवाळीनंतरची भाजी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पावसाळ्यात भाजी विकत आणायची फारशी वेळ येत नाही. पहिल्या सरींबरोबर शेवळं वर येतात. मागोमाग टाकळा, कुर्डू, कंटोली. रानच बाजार मांडून बसतं. अडतं ते दिवाळीनंतर. भाताची झोडणी उरकली, की इथल्या गावांतली कितीतरी घरं वीटभट्ट्यांकडे निघतात. पोरं आजीपाशी, रान वाळलेलं, ताटात भात आणि सुक्या मासळीचं कोरड्यास. चिकूच्या वाड्या हिरव्यागार असतात म्हणा! इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो पेट्यांत भरून शहरांकडे जातो.

अशा वेळी शाळेची परसबाग कामाला येते. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, पुढच्या तीन इयत्तांना 75. शंभर लहान मुलांची शाळा असेल तर रोजची 5 किलो. एवढी भाजी आवारातून रोज निघणार नाही, हे आधीच सांगतो. पण मेथी, माठ महिन्याभरात काढणीला येतात, शेवग्याची फांदी रोवली की जगते, आणि मुलं हात-ताटं धुतात ते पाणी पाट काढून केळीला सोडता येतं.

आपल्याकडे चुकतो तो मुहूर्त. बागेचा शुभारंभ आषाढात होतो, फोटो निघतो, आणि रान भरलेलं असताना आणखी भाजी पिकते. वाफे कोजागरीच्या सुमाराला करा. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण मात्र त्याआधी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. बागेलाही ती लागू पडते. सुट्टीत शाळेला कुलूप लागतं. तेव्हा पाणी घालील त्या घराने भाजी न्यावी, असं गावाने आधीच ठरवावं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या चुलीवरही त्यामुळे काही शिजेल.

बियाण्यासाठी तालुक्याला धावू नका. एखाद्या आजीने राखेत घोळवून वालाचं बी ठेवलेलं असेल. वालाला भाताच्या खाचरातली ओलही पुरते. पहिला वाफा त्याचाच करा, आणि बी टोचायला आजीलाच बोलवा.