पहाटेचे पाणी



दमणगंगेच्या काठी, सिल्वासा येथे मी मुलांना विज्ञान शिकवितो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी जवळच्या पाड्यावरील तळ्यात एके सकाळी मासे मरून तरंगताना आढळले. कोणीतरी विष घातले असे लोकांनी ठरविले आणि एका गरीब शेजाऱ्याकडे बोट दाखविले. मला विचारले असता, "तसेच असावे," असे मी म्हणून गेलो. मास्तरांचा शब्द, म्हणून तो खरा ठरला.

पुढे सुट्टीत मुंबईस गेलो. तेथे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील एका अभ्यासकाची गाठ पडली. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेस १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माझी हकीकत ऐकताच त्याने विचारले, "मासे कोणत्या वेळी मेले? आदल्या दिवशी ऊन होते काय?"

मासे पहाटे मेले होते, आणि दोन दिवस आभाळ भरलेले होते. तळ्याचे पाणी हिरवेगार होते. मासे वर येऊन तोंडे उघडीत होते, हेही मुलांनी पाहिले होते.

मग त्याने उलगडा केला. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तेही माशांप्रमाणेच प्राणवायू घेते. म्हणून पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात ऊन पडले नाही, तर साठा आधीच तुटपुंजा राहतो. शिवाय ऊन्ह पाण्यात प्राणवायू कमी मावतो: शून्य अंशावर एका लिटरात सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम, तर तीस अंशांवर सुमारे साडेसात.

हे मोजण्याची रीत विंकलर यांनी १८८८ साली दाखविली. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरावे आणि काठावरच त्यात औषधे घालून प्राणवायू बांधून ठेवावा. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थांबल्यास आकडा बदलतो. म्हणून या शास्त्राच्या विद्यार्थ्याला उजाडण्यापूर्वी तळ्यावर जावे लागते. पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन तर त्याहून साधे आहे. फादर आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कोठवर दिसते हे पाहिले. तळी व सरोवरे तपासताना आजही तशीच तबकडी वापरतात.

आमच्या तळ्याचे पाणी त्या वेळी कोणीही तपासले नव्हते. त्यामुळे नेमके कारण आज सांगता येणार नाही. परंतु विषाचा आरोप करण्यासही आधार नव्हता. परत येताच मी त्या शेजाऱ्याच्या दारी गेलो, पाड्यातील चार माणसांसमोर माझी चूक सांगितली आणि त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मास्तर, तेव्हाच विचारायचे होते."

आता आमच्या मुलांनी पत्र्याची एक तबकडी केली आहे. दर आठवड्यास ती तळ्यात सोडून मुले तारीख, वेळ, आभाळ आणि पाण्याचा रंग वहीत लिहितात. या वहीत अनुमानाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवला आहे.