पाहुण्यांचा दर आपण ठरवायचा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत अकोले तालुक्यातील एका ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण)



मला माइकवर बोलायची सवय नाही. सीआरपी ताई म्हणाल्या, तुमच्या गावात पर्यटनाचं काम कसं चाललंय ते सांगा. म्हणून उभी राहिले. चांगलं सांगते, तसं चुकलेलंही सांगते.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून. बहुतेक घरं महादेव कोळ्यांची. मे संपता संपता वळवाचे चार थेंब पडले की हिरडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर काजवे चमकायला लागतात. आम्हाला त्याचं काय नवल? पण मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून यायला लागली.

पहिल्या वर्षी एक एजंट आला. म्हणाला, घरी जेवण, झोपायला जागा द्या, माणशी ४०० देतो. आम्ही हरखलो. माझ्याकडे चार माणसं आली, १६०० हातात पडले. मी सासूबाईंना म्हटलं, घरबसल्या कमाई!

मग गटाच्या बैठकीत वही उघडली. किराणा ५२०. गॅस आणि सरपण १००. पुढे आमच्या लेखापाल ताईंनी विचारलं, "तुझी मजुरी कुठंय?" मी म्हटलं, घरचंच काम, त्याची कसली मजुरी? त्या म्हणाल्या, तू आणि जाऊ दोन दिवस भाताची रोपं टाकायला गेला नाहीत, तिथं बाई लावली असती तर ३०० रोज दिला असता ना? दोघींचे दोन दिवस, १२०० झाले. एकूण खर्च १८२०. म्हणजे २२० रुपये मीच पाहुण्यांना देऊन आले होते. वर पाण्याचे हंडे वेगळेच. धरण उशाला आणि जून महिन्यात कोरड घशाला, हे तुम्हाला सांगायला नको.

पाहुण्यांशी बोलता बोलता कळलं की एजंट त्यांच्याकडून माणशी १८०० घेतो. शेवटच्या आठवड्याचे गटाचे १८,००० त्यानं दिलेच नाहीत. कागद नव्हता, सही नव्हती. ते पैसे अजून आलेले नाहीत.

दुसऱ्या वर्षी ग्रामसंघानं काम हातात घेतलं. माणशी ७००. निम्मे पैसे आधी ग्रामसंघाच्या खात्यात, मगच नाव लिहायचं. दहा घरं, एका घरात चारच माणसं, पाळी चिठ्ठी टाकून. चार माणसांचे २८०० आले की १८२० खर्च, दहा टक्के म्हणजे २८० गावनिधीला, आणि ७०० बाईच्या खात्यावर. नवऱ्याच्या नाही, बाईच्या. यावरून दोन घरांत भांडणं झाली, लपवत नाही. एक घर सोडूनही गेलं. पुढच्या हंगामात परत आलं.

जेवण आपलंच. नागलीची भाकरी, वरईचा भात, रानभाजी. पनीर मागितलं तर नाही म्हणायचं. एकदा काही जण म्हणाले, आम्हाला बोहाडा करून दाखवा, वेगळे पैसे देतो. पोरं तयार झाली होती, पण म्हाताऱ्यांनी नकार दिला. बोहाडा देवाचा, त्याच्या वेळेलाच सोंगं निघतात. मला ते पटलं, जरी त्या दिवशी ५,००० रुपये गेले.

आता काजव्यांचं. काजवा चमकतो ती जोडीदाराला खूण असते. गाडीचे दिवे, मोबाईलचा उजेड पडला की खूण दिसत नाही, जोडी जमत नाही. अंडी असतात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, आणि माणसं झाडाखाली फोटोसाठी तेच तुडवतात. म्हणून गाड्या गावाबाहेर, झाडापर्यंत पायी, बॅटरीला लाल कागद, आणि रात्री ४० च्या वर माणूस नाही. शनिवारी शंभर जण दारात उभे असतात. परत पाठवताना जीव तुटतो, खरंच. काही शेजारी गावं सगळ्यांना घेतात आणि आम्हाला हसतात. पण काजवेच गेले तर माझी भाकरी खायला मुंबईहून कोण येणार आहे?

हे फक्त डोंगरातच होतं असं नाही. तिकडे सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडी त्यांची, वल्हं त्यांच्या हातात.

कर्जाचं कुणीतरी विचारलं होतं. पर्यटन विभागाचं 'आई' धोरण २०२३ मध्ये आलंय. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. पण हप्ता आधी आपणच भरायचा असतो, परतावा नंतर येतो, हे ध्यानात ठेवा. आमचा हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. त्यावर वर्षभराचा हप्ता निघत नाही. म्हणून आम्ही अजून कर्ज घेतलेलं नाही, गटाच्या अंतर्गत कर्जातून गाद्या आणि दोन संडास केले. ज्यांच्याकडे बारमाही पाहुणे येतात त्यांनी जरूर चौकशी करावी.

हिशेबाची वही सोबत आणली आहे. जेवणानंतर मी त्या चिंचेखाली बसते, ज्यांना बघायची त्यांनी या. पेन घेऊन या.