हिरड्याची चव



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'चॉकलेट' असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जुन्नरच्या व्यासपीठावर शिवनेरी असावी, नाणेघाट असावा, फार तर द्राक्षावरची डावणी असावी. चॉकलेट हा काय विषय! पण थोडा धीर धरावा. आम्ही फिरून आपल्याच डोंगरात येणार आहोत.

मागे हिवाळ्यात आम्ही मुंबईस भाचीकडे गेलो होतो. तिने आम्हांस एका संग्रहालयात नेले. तेथे संध्याकाळी चॉकलेट चाखण्याचा कार्यक्रम होता. चाखायचे म्हणजे काय, ते तर आम्ही वयाच्या सहाव्या वर्षापासून करीत आलो आहोत, असे आम्ही मनात म्हटले. खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकापुढे बशीत तीन तुकडे आणि कोमट पाण्याचा पेला. एक तरुण बाई सांगत होत्या, "आधी मोडा, आवाज ऐका. मग वास घ्या. चावू नका, जिभेवर ठेवा." कोकोतले लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेहून किंचित कमी उष्णतेला वितळते, म्हणून ते तोंडात आपोआप विरघळते. पहिला तुकडा दुधाचा होता. तो आम्ही सूचना संपण्यापूर्वीच गिळून बसलो. दुसरा जरा काळा. तिसऱ्यात शंभरात पंच्याऐंशी भाग कोको. तो जिभेवर ठेवला मात्र, दोन्ही गाल आत ओढले गेले आणि आम्ही मोठ्याने म्हणालो, "अहो, हा तर हिरडा!"

मंडळी हसली. भाचीने मान खाली घातली. त्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, हा तुरटपणा एकाच जातीच्या द्रव्यांचा. कोकोचे बी ताजे असताना कडू व तुरट असते. फळ फोडून गरासकट बियांचा ढीग घालतात, पाच-सात दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात. मग कारखान्यात ते भाजले जाते. आंबवण्यात चूक झाली तर पुढे कोणत्याही यंत्राने चव येत नाही. म्हणजे चव पहिल्यांदा घडते ती शेतकऱ्याच्या अंगणात. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे पश्चिम आफ्रिकेतील दोन देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. पण तो पिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी चॉकलेटची वडी कधी तोंडात घातलेली नाही.

मग त्यांनी आम्हांस विचारले, "तुमचा हिरडा कोण वेचते? किती दिवस वाळवतात? भाव कोण ठरवते?"

आमचा जन्म जुन्नरचा. बाजारात हिरड्याची पोती लहानपणापासून पाहिलेली. तरी या तीन प्रश्नांपैकी एकाचेही धड उत्तर आम्हांस देता आले नाही. चारचौघांत मोठ्याने हिरडा ओळखणारा मनुष्य दुसऱ्या क्षणी पेल्यातले पाणी पिऊ लागला.

परत आल्यावर त्या उन्हाळ्यात आम्ही वर गेलो. प्रथम नाणेघाटाच्या अंगाने, मग आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वर आहुप्याकडे. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते मूळ गाव याच धरणाच्या पाण्याखाली गेले, हेही बरोबरच्या तरुणांना सांगावे लागले. तिकडे महादेव कोळी घरांच्या अंगणात हिरडा पसरलेला होता. झाडावर गडी चढतो, खाली बायका-पोरे वेचतात. आम्ही आजवर बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा ही तीन झाडे समजत होतो! झाड एकच. आठळी धरण्यापूर्वी काढला तो बाळहिरडा. वाळून काळा, दगडासारखा कडक होतो. त्याहून वाढलेला तो चांभारी, कातडी कमावण्याच्या कामाचा. पुरता पिकलेला तो सुरवारी. कोणत्या वयाला तोडायचा, हे ज्याच्या घरी उन्हाळ्यात दाणे संपत आले आहेत त्याला फारसे निवडता येत नाही. हातात पैसा लवकर हवा असतो. भाव सांगणारा खालून येतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून आपल्याकडेही पोहोचले. दोन्ही तालुक्यांत हिरड्याची जुनी झाडे मोडली. भात पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. आजोबाने राखलेला हिरडा नातवाच्या हयातीत तसा होत नाही. आणि या झाडांची भरपाई मागण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. आपण खाली बाजारात त्या दिवसांत काय बोलत होतो? हिरडा यंदा महाग झाला, एवढेच.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची आहे. घाटातून माल नेणाऱ्या-आणणाऱ्यांनी गाव श्रीमंत केले. रानातला माल वेचून देणाऱ्याचे नाव आम्ही त्या यादीत शोधले. आम्हांस सापडले नाही.

आयुर्वेदाने या फळाला आईच्या जागी बसवले आहे. सहा रसांपैकी पाच त्यात आहेत, मुख्य तुरट, आणि खारट तेवढा नाही, असे वैद्य सांगतात. पाच रस एका फळात! चॉकलेटवाल्यांना हे कळले असते तर त्यांनी संग्रहालयात दालन उघडले असते.

आज आपण येथे पंख्याखाली बसलो आहोत, त्याच दिवसांत वर अंगणे हिरड्याने काळी झालेली असतात. चालकांच्या परवानगीने आम्ही एक ताट आणले आहे. आहुप्याच्या एका घरातून बाळहिरडा विकत घेतला. भाव त्या घरातल्या बाईंनी सांगितला आणि आम्ही घासाघीस केली नाही. तो फोडून लहान तुकडे केले आहेत. गरोदर भगिनींनी घेऊ नये, वैद्य तिला वर्ज्य मानतात. बाकीच्यांनी एकेक उचलावा. चावू नका, गालात धरा. पाण्याचे तांब्ये शेवटच्या रांगेकडून पुढे येत आहेत.