पीक गेले, पण पंचनामा राहू देऊ नका



मार्च २०२३ मध्ये अवकाळी पाऊस आणि गारांनी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हाताशी आलेला गहू-हरभरा आडवा केला, केळी-पपईच्या बागा मोडल्या. अशा वेळी डोके सुन्न होते, खरे आहे. पण पहिले चार दिवसच कामाचे असतात.

शासनाची मदत म्हणजे पूर्ण भरपाई नव्हे. कागदावर तिला निविष्ठा अनुदान म्हणतात, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार. तेवढ्यात झालेला खर्च निघत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक अन् मलाही. पण हक्काची आहे, मग सोडायची कशाला?

केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी हेक्टरी दर ठरवले ते असे: कोरडवाहू ८,५०० रुपये, बागायत १७,०००, बहुवार्षिक पीक २२,५००, मर्यादा २ हेक्टर. राज्य शासन कधी यात भर घालते. जानेवारी २०२४ च्या निर्णयात ३ हेक्टरपर्यंत कोरडवाहूला १३,६०० रुपये होते, पुढे ते बदलले. तेव्हा आपल्या नुकसानीला कोणता दर लागू, हे तहसील कचेरीतच विचारा.

अट एकच मोठी, नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवे. समजा, तीन एकर कोरडवाहू कापूस निम्म्याहून जास्त गेला. तीन एकर म्हणजे सुमारे १.२ हेक्टर. ८,५०० च्या दराने १०,२०० रुपये होतात. हिशेब शेतातल्या क्षेत्रावर होतो, पथारीवर भिजलेल्या मिरचीच्या वजनावर नाही.

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. (या पदांची नावे अलीकडे बदलली, पण गावात आपण याच नावांनी हाक मारतो.) तोवर रान नांगरू नका, पडलेली झाडे उचलू नका. अगदीच थांबता येत नसेल तर बांधाची खूण दिसेल असे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शेतात स्वतः हजर राहा. कापसाच्या जागी ज्वारी लिहिली, बागायतीचे कोरडवाहू केले, तर तिथल्या तिथेच बोला. मागाहून खेटे घालावे लागतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर वांधा होतो, म्हणून ती वेळेत करा.

अक्कलकुवा, धडगावकडच्या वनपट्टाधारक बांधवांनी पट्ट्याची प्रत जवळ ठेवावी आणि आपलेही शेत पाहायला सांगावे. सामाईक खाते असेल तर पैसे कोणाच्या नावे घ्यायचे, याचे भावाभावांचे संमतिपत्र आधीच करा. बरीच प्रकरणे इथेच अडतात.

यादी लागली की नावापुढचा विशिष्ट क्रमांक उतरवून घ्या आणि आपले सरकार केंद्रात अंगठा देऊन आधार पडताळणी करा. ती बाकी राहिली तर यादीत नाव असूनही पैसे अडकू शकतात. रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते, म्हणून बँकेत जाऊन जोडणी तपासा.

मदतीचे पैसे कर्जात वळते करू नयेत, असे शासन निर्णयांत बँकांना बजावलेले असते. तरीही कापले गेले, तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या, आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.